घरच्या घरी गाडीला पॉलिश आणि वॅक्स: ठाणे–नवी मुंबईच्या हवेत रंग जपण्याची रीत

दिवाळीनंतर आकाश निवळले की घोडबंदर रस्त्यालगतच्या कोणत्याही सोसायटीत सकाळच्या तिरप्या उन्हात उभी असलेली काळी किंवा गडद निळी गाडी जवळून पाहावी. बॉनेटवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार चरे दिसतात. गाडी जेमतेम तीन वर्षांची असते, तिला कुठे धक्का लागलेला नसतो आणि ती रोज सकाळी न चुकता पुसलेली असते. या चऱ्यांचे मूळ बहुतेक वेळा त्या रोजच्या पुसण्यातच असते. रात्रभर पत्र्यावर बसलेली धूळ कोरड्या किंवा ओलसर फडक्याने ओढली गेली की ती पॉलिश पेपरसारखे काम करते. आपल्याकडची ही धूळ साधी मातीची नसते. मेट्रोची कामे, काँक्रीटचे रस्ते, नव्या इमारतींची बांधकामे आणि खडी वाहणारे डंपर यांमुळे तिच्यात सिमेंट, वाळू आणि काळ्या पाषाणाची भुकटी मिसळलेली असते.

गेलेली चकाकी घरच्या घरी बऱ्याच अंशी परत आणता येते. त्यासाठी दोन मोकळ्या सकाळी, थोडे सामान आणि पुरेसा संयम लागतो. मात्र हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी: पॉलिश म्हणजे रंगाच्या थरातून केलेली वजाबाकी आणि वॅक्स म्हणजे त्या थरावर घातलेले पांघरूण. म्हणून पॉलिश शक्य तितके कमी करावे, वॅक्स नियमित लावावे आणि सर्वांत जास्त काळजी गाडी धुताना घ्यावी. या लेखातला प्रत्येक टप्पा याच क्रमाने महत्त्वाचा आहे, मग तो कितीही कंटाळवाणा वाटो.

रंगाचा थर आणि त्याची मर्यादा

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर तळाला गंजरोधक लेप आणि प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढे किंवा त्याहून किंचित जाड. त्यातला क्लिअर कोट अंदाजे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. हा थर सपाट असेल तर प्रकाश त्यावरून एका दिशेने परततो आणि गाडी चमकते. त्यावर चरे पडले की प्रकाश विखुरतो आणि तोच रंग धुरकट दिसू लागतो. पॉलिशमधले घासणारे कण चऱ्याभोवतीचा उंच भाग झिजवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करतात. याचा अर्थ चकाकी बाटलीतून येत नाही, ती थर झिजवून मिळवलेली असते. बारीक पॉलिशच्या एका फेरीत एक-दोन मायक्रॉन जातात, तर जाड कंपाउंडने, म्हणजे भरड कणांच्या पॉलिशने, त्याहून बरेच अधिक जातात. रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्येही याच थरात असतात. वारंवार रबिंग करून तो पातळ झाला की काही वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात, आणि तेव्हा पुन्हा रंग मारण्यावाचून मार्ग उरत नाही.

ही किंमत मी स्वतः मोजलेली आहे. ऐरोलीत राहत असताना एका ओळखीच्यांकडून रोटरी पॉलिशर उसना आणून मी माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर जाड कंपाउंड चालवले. सपाट भाग सुंदर निघाला, पण बॉनेटच्या मधून जाणाऱ्या उंचवट्याच्या रेषेवर यंत्र जरा जास्त वेळ रेंगाळले आणि बोटभर लांबीवर खालचा प्रायमर दिसू लागला. कडांवर आणि अशा रेषांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि यंत्राचा सगळा दाब तेवढ्याच जागेवर येतो, ही गोष्ट त्या दिवशी समजली. पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावे लागले.

म्हणून आधी पाहणी करावी. गाडी सावलीत उभी करून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकत प्रत्येक भाग पाहावा. एखादा चरा दिसल्यास त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल तर तो पॉलिशने जाण्याची किंवा निदान मंद होण्याची शक्यता असते. नख अडकत असेल तर चरा क्लिअर कोटच्या खोलवर किंवा आरपार गेलेला असतो आणि तो घासत बसणे व्यर्थ असते. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश आणि साधे वॅक्स दोन्ही वर्ज्य आहेत, कारण त्याने ठिकठिकाणी चमकदार डाग पडतात. सिरॅमिक कोटिंग केलेले असेल तर पॉलिशने ते कोटिंगच निघते, आणि पारदर्शक फिल्म लावलेली असेल तर त्या फिल्मच्या सूचनांप्रमाणेच चालावे. एखादा भाग नुकताच डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून रंगवून घेतला असेल, तर रंग पूर्ण वाळून कडक होईपर्यंत, म्हणजे साधारणपणे दोन ते तीन महिने, त्यावर वॅक्स लावू नये. गाडी जुनी घेतलेली असेल तर कोणता भाग पुन्हा रंगवलेला आहे हे आधीच्या मालकाला विचारून ठेवावे, कारण अशा भागावरचा रंग मऊ असू शकतो.

कधी आणि कुठे

आपल्याकडे पॉलिशसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, सकाळी पत्रा थंड असतो आणि पॉलिश किंवा वॅक्स फार लवकर सुकतही नाही, फार चिकटही राहत नाही. वॅक्स मात्र वर्षातून किमान तीनदा लावावे: एकदा पॉलिशनंतर लगेच, एकदा मेच्या उत्तरार्धात पावसाच्या आधी आणि एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या काळात गाडीवर वॅक्सचा थर आहे की नाही, हे सप्टेंबरअखेर रंगाकडे पाहूनच कळते.

काम उन्हात करू नये. तळहात पत्र्यावर ठेवून तो थंड लागला तरच सुरुवात करावी. स्टिल्ट किंवा पोडियम, म्हणजे इमारतीखालचे छताचे पार्किंग त्यासाठी सोयीचे असते, पण तिथे प्रकाश कमी असतो. त्यामुळे एक चांगला एलईडी दिवा जवळ हवा. पार्किंगमध्ये गाडी धुण्याला आणि सोसायटीच्या विजेवर यंत्र चालवण्याला अनेक ठिकाणी बंदी असते. सचिवांना आधी विचारून, पाणी किती वापरणार तेही सांगितले, तर सहसा अडचण येत नाही.

सामानाविषयी

यादी मोठी नाही. दोन बादल्या, त्यांच्या तळाशी ठेवायच्या जाळ्या, मायक्रोफायबरचा एक वॉश मिट (धुण्याचा हातमोजा), कार शांपू, क्ले बार (रंगात रुतलेले कण काढणारा गोळा), बारीक दाण्याचे पॉलिश, वॅक्स, फोमचे तीन-चार ॲप्लिकेटर, मास्किंग टेप आणि मायक्रोफायबरची निदान आठ-दहा फडकी. फडकी घेताना कंजूषी करू नये; ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची), काठांना जाड शिवण नसलेली घ्यावीत. जुना बनियन, पिवळे फडके किंवा पंचा या कामाला चालत नाही, कारण सुती धाग्यात अडकलेला कण बाहेर पडत नाही आणि तोच पुन्हा पुन्हा घासला जातो.

पॉलिश घेताना बाटलीवर ते घासणारे आहे की फक्त चमक देणारे आहे, हे वाचावे. पेट्रोल पंपावर किंवा दुकानात ‘पॉलिश’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पांढऱ्या द्रवांत घासणारे कण नसतात. त्यातले तेल किंवा सिलिकोन चरे तात्पुरते बुजवते आणि दोन-तीन धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात. याउलट ‘रबिंग कंपाउंड’ म्हणून मिळणारे लाल किंवा पांढरे जाड मिश्रण घरच्या पहिल्या प्रयत्नासाठी अजिबात घेऊ नये.

वॅक्समध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कडक मेणांपैकी एक मानले जाते आणि साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. गडद रंगाला त्याने जी खोल, ओली झळाळी येते ती मला तरी दुसऱ्या कशाने मिळालेली नाही, पण आपल्या पावसात ते दीड-दोन महिन्यांहून अधिक तग धरेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरा प्रकार कृत्रिम सीलंटचा. त्याची चमक थोडी काचेसारखी असते, पण ते चार ते सहा महिने टिकू शकते. म्हणून हिवाळ्यात कार्नौबा आणि पावसाच्या तोंडावर सीलंट अशी माझी वाटणी आहे. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर दोन्हींतला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. त्यांच्या मालकांनी सरळ बाराही महिने सीलंटच वापरावे.

धुणे: निम्मे यश इथेच

आधी गाडीवर नुसते पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. पाइप नसेल तर झाडांना पाणी घालायच्या झारीने वरून खाली पाणी घालावे, पण या टप्प्यावर हात लावू नये. नंतर एका बादलीत शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. मिट शांपूत बुडवून छतापासून सुरुवात करावी, एक भाग सरळ रेषेत पुसावा, मग मिट साध्या पाण्यात खळबळून जाळीवर दाबून त्यातला गाळ सोडवावा आणि तेव्हाच पुन्हा शांपूत बुडवावा. दोन बादल्यांची ही पद्धत ज्यांना अनावश्यक वाटते त्यांनी काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहावा. तिथे साचलेली करडी रेती एरवी बॉनेटवर फिरली असती. दारांचा खालचा भाग, मागचा बंपर आणि चाके यांसाठी वेगळा मिट किंवा स्पंज ठेवावा. वॅक्स लावण्यापूर्वीच्या या एका धुण्यात जुने वॅक्स निघून गेले तर बरेच असते, पण एरवी भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर गाडीला लावू नये, कारण त्याने वॅक्स उतरते आणि रबर कोरडे पडते.

पाण्याची कथा आपल्याकडे वेगळीच आहे. घोडबंदर पट्ट्यातल्या किती तरी सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात, आणि त्या पाण्यातले क्षार पत्र्यावर सुकले की पांढरी गोल वर्तुळे उमटतात. आपले पाणी कसे आहे हे पाहायचे असेल तर त्याचे चार थेंब आरशावर सुकू द्यावेत. पाणी वाचवण्यासाठी पुष्कळ घरांत आरओ शुद्धीकरण यंत्राचे वाया जाणारे पाणी गाडी धुण्यासाठी साठवले जाते. हेतू चांगला असला तरी ते पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते, म्हणून ते फार तर चाकांसाठी वापरावे. त्याऐवजी एसीच्या नळीतून टपकणारे पाणी धरून ठेवावे. ते हवेतली वाफ थंड होऊन आलेले असल्यामुळे त्यात क्षार नगण्य असतात. आपल्या दमट हवेत रात्रभर एसी चालला तर काही लिटर पाणी सहज जमते. स्वच्छ फडक्यातून गाळून ते शेवटच्या खळबळण्यासाठी वापरावे. पाणी कोणतेही असो, गाडी वाऱ्यावर सुकू न देता मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्यावी. टॉवेल ओढण्यापेक्षा पसरून थोपटावा.

आधीच पडलेल्या पांढऱ्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी यांत भिजवलेले फडके मिनिटभर ठेवून पुसावे आणि भाग भरपूर पाण्याने धुवावा. डाग तरीही दिसला तर तो क्लिअर कोटमध्ये कोरला गेलेला आहे असे समजून पॉलिशच्या टप्प्यापर्यंत थांबावे.

हाताला लागणारी खरखर

धुतलेल्या पत्र्यावर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोटे फिरवावीत. पिशवीमुळे स्पर्श अधिक तीव्र होतो आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्राही बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो. हे कण धुऊन निघत नाहीत, कारण ते क्लिअर कोटमध्ये रुतलेले असतात. ज्यांची गाडी कळवा किंवा सानपाडा कारशेडच्या, अथवा ट्रान्स-हार्बर मार्गाच्या रुळांच्या आसपास उभी राहते, त्यांच्या पांढऱ्या गाडीवर तर तांबूस ठिपकेही दिसतात. ती चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेली लोखंडाची पूड असते आणि ती गंजत असते. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारला की लोखंडाशी क्रिया होऊन तो जांभळा होतो. तीन-चार मिनिटांत, सुकण्याच्या आत, तो धुऊन टाकावा. त्याचा वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच वापरावा. दारांच्या खालच्या भागावरचे डांबराचे ठिपके काढण्यासाठी टार रिमूव्हर मिळतो. पेट्रोल किंवा थिनर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु थिनरने रंग, विशेषतः पुन्हा मारलेला रंग, मऊ पडून उतरू शकतो.

त्यानंतर क्ले बार. चिकणमातीसारखा हा गोळा हातात मळून चपटा करावा, पत्र्यावर त्याच्यासोबतचे वंगण किंवा पातळ शांपूचे पाणी भरपूर फवारावे आणि गोळा बोटांच्या हलक्या दाबाने सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावा. सुरुवातीला खरखर जाणवते, आवाजही येतो. तो थांबला आणि गोळा साबणासारखा घसरू लागला की तो भाग झाला. गोळ्याचा चेहरा काळवंडला की घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर आणावी. गोळा जमिनीवर पडला तर तो निःसंकोच फेकून द्यावा, कारण त्यात चिकटलेला वाळूचा एक दाणाही पूर्ण बॉनेटवर ओरखडा काढण्यास पुरेसा असतो. क्लेमुळे स्वतःचेही बारीक चरे उमटतात, त्यामुळे तो पॉलिशच्या आधीच वापरावा आणि वर्षातून एकदाच पुरे.

पॉलिश

पहिल्या सकाळचे काम इथे संपवावे आणि पॉलिश दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने घ्यावे. मात्र गाडी रात्रभर उघड्यावर राहिली असेल तर सकाळी पुन्हा एकदा धुणे अनिवार्य आहे.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबराच्या बीडिंग, दिव्यांच्या कडा, कंपनीची चिन्हे आणि बॉनेटची उंच रेष यांवर मास्किंग टेप लावावी. प्लॅस्टिकवर सुकलेले पॉलिश पांढरे डाग सोडते आणि ते काढणे पॉलिशपेक्षा जिकिरीचे ठरते. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात हातभर चौकोन टेपने आखून तिथेच प्रयोग करावा. सर्वांत मऊ फोम आणि सर्वांत बारीक पॉलिश यांनी सुरुवात करून निकाल पाहावा आणि तो अपुरा वाटला तरच एक पायरी चढावी. या एका चौकोनाला दिलेला अर्धा तास पुढचे सगळे काम ठरवतो, म्हणून तो टाळू नये. चऱ्यांपैकी सत्तर-ऐंशी टक्के गेले तर समाधान मानावे. उरलेल्या खोल चऱ्यांमागे लागून थर पातळ करणे हा व्यवहार तोट्याचा आहे.

हाताने काम करणार असाल तर फोमच्या ॲप्लिकेटरवर पॉलिशचे चार वाटाण्याएवढे थेंब घ्यावेत आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या चौकोनात आधी ते पसरवावेत. मग मध्यम दाबाने आडव्या आणि नंतर उभ्या सरळ रेषांत दोन ते तीन मिनिटे घासावे. पॉलिश पारदर्शक, तेलकट पापुद्र्यासारखे दिसू लागले की थांबून स्वच्छ फडक्याने पुसावे. हाताने धूसरपणा, क्षारांचे हलके डाग आणि वरवरचे चरे जातात; जाळ्यासारखे जुने चरे पूर्ण जातीलच असे नाही. पूर्ण हॅचबॅक हाताने करायला पाच-सहा तास लागतात आणि खांदे भरून येतात. त्यापेक्षा दोन रविवारांत विभागून करणे शहाणपणाचे.

यंत्र घ्यायचे झाल्यास ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए पॉलिशरच घ्यावा. रोटरीचे पॅड एकाच अक्षावर फिरत राहून एका जागी उष्णता साठवते. डीएचे पॅड फिरता फिरता डोलतेही, आणि जास्त दाब पडला तर त्याचे फिरणे मंदावते, त्यामुळे रंग जळण्याचा धोका खूपच कमी असतो. पाच इंची पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत, यंत्र बंद असतानाच ते पत्र्यावर टेकवून थेंब पसरवावेत आणि सहापैकी पहिल्या वेगावर सुरू करावे. पॉलिश नीट पसरले की वेग चार-पाचवर न्यावा. यंत्राच्या वजनापेक्षा किंचित अधिक दाब द्यावा आणि ते सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या सावकाश गतीने फिरवावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. असे चार ते सहा फेरे आडवे-उभे पूर्ण केले की तो चौकोन झाला. पॅड नेहमी सपाट ठेवावे आणि मधूनमधून पत्र्याला हात लावून पाहावा. कोमट असेल तर चालेल, चटका बसता कामा नये. वायर खांद्यावरून मागे टाकावी, नाहीतर पॉलिश केलेल्या भागावर तीच घासत राहते. पॅडमध्ये झिजलेला रंग आणि सुकलेले पॉलिश साचते, म्हणून प्रत्येक भागानंतर ते ब्रशने झाडावे आणि दोन-तीन भागांनंतर बदलावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर दाब आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत, कारण पत्र्याप्रमाणे प्लॅस्टिक उष्णता पसरवून देत नाही. पॅडवर गाडीचाच रंग उतरताना दिसला तर लगेच थांबावे: एक तर त्या भागावर क्लिअर कोट नाही, किंवा तो संपला आहे.

पॉलिशमधली तेले चरे झाकून फसवा निकाल दाखवतात. म्हणून प्रत्येक भाग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून फडक्याने पुसावा आणि टॉर्चने तपासावा. हे द्रव पेट घेणारे आहे, त्यामुळे आसपास विडी-सिगारेट किंवा ज्योत नको. या पुसण्याचा दुसरा लाभ असा की तेल निघून गेल्याने वॅक्स थेट क्लिअर कोटवर बसते.

वॅक्स

पॉलिश झालेला पत्रा उघडा असतो, त्यामुळे वॅक्स त्याच दिवशी लागलेच पाहिजे. इथे एकच चूक वारंवार होते, ती म्हणजे जाड थर. जाड लावलेले वॅक्स जास्त संरक्षण देत नाही, फक्त पुसायला त्रास देते आणि फडके जोरात घासावे लागल्याने नवे चरे पडतात. बोटाच्या पेराएवढे वॅक्स पूर्ण बॉनेटला पुरते. फोम किंचित ओलसर करून त्यावर वॅक्स घ्यावे आणि एकेका भागावर इतके पातळ पसरवावे की ते जेमतेम दिसेल.

डिसेंबरच्या कोरड्या सकाळी पाच-दहा मिनिटांत त्यावर धुक्यासारखी पांढुरकी झाक येते. मेमध्ये घाम निथळत असताना तेच वॅक्स बराच वेळ ओले राहते. घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवावा. लावलेल्या भागावरून बोट ओढले असता खालचा रंग स्वच्छ दिसला तर वॅक्स पुसण्याजोगे झाले आहे, आणि बोटाखाली ते लडबडले तर अजून थांबायला हवे. पुसण्यासाठी दोन फडकी घ्यावीत, पहिल्याने वॅक्स उचलावे आणि दुसऱ्या कोऱ्या फडक्याने हलकेच झळाळी आणावी. दमट दिवसांत काही भागांवर तासाभराने तेलकट पट्टे उमटतात. ते थंड पत्र्यावर कोऱ्या फडक्याने सहज जातात. सीलंट वापरत असाल तर बाटलीवर दिलेला वेळ काटेकोरपणे पाळावा, कारण काही सीलंट लगेच पुसायचे असतात आणि काहींना कित्येक तास पाणी लागू द्यायचे नसते. दुसरा थर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिल्यास सुटलेल्या जागा भरल्या जातात. समोरच्या काचेला मात्र वॅक्स लावू नये. वायपर फिरला की ते पसरून पहिल्या पावसात समोरचे दिसेनासे होते.

नंतरची निगा

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा एका बादलीत वीस गाड्या उरकतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. त्यांना महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच द्यावेत, पण रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आपण दिलेल्या स्वच्छ मायक्रोफायबर फडक्यांनी आणि आधी पाणी मारूनच पुसायला सांगावे. बाकीच्या दिवशी फक्त काचा पुसाव्यात. ही फडकी घरी सुती कपड्यांपासून वेगळी, सौम्य द्रव साबणाने धुवावीत, फॅब्रिक कंडिशनर वापरू नये आणि सावलीत वाळवावीत. पाणीटंचाईच्या दिवसांत रिन्सलेस वॉशचे, म्हणजे नंतर पाण्याने खळबळावे न लागणारे, द्रव आठ-दहा लिटर पाण्यात मिसळून पूर्ण गाडी स्वच्छ करता येते, मात्र चिखल लागलेली असेल तर ते चालणार नाही.

उघड्यावर उभ्या गाडीला कापडी कव्हर घालताना विचार करावा. पाम बीच रस्त्याच्या बाजूला खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात सैल कव्हर दिवसभर फडफडते आणि आतल्या धुळीने रंग घासला जातो. गाडी स्वच्छ असेल आणि कव्हर घट्ट बसत असेल तरच ते घालावे. वॅक्स शिल्लक आहे की नाही हे पावसाचे पाणी सांगते: थेंब गोल, उभे राहून घरंगळत असतील तर थर जिवंत आहे; पाणी चादरीसारखे पसरून रेंगाळत असेल तर गाडी धुऊन पुन्हा वॅक्स लावावे. पुन्हा पॉलिश करण्याची गरज नसते.

दोन गोष्टींना मात्र वाट पाहायला लावू नये. पहिली पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटवर ती काही तासांत खड्डा पाडू शकते. ओला टिश्यू तिच्यावर दोन मिनिटे ठेवून, न घासता उचलून घ्यावी. दुसरी गोष्ट पोडियमखाली गाडी ठेवणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात स्लॅबच्या भेगांतून झिरपणारे पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणते आणि त्याचे थेंब बॉनेटवर पांढऱ्या, कडक ओघळांच्या रूपात सुकतात. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असल्याने दोन-चार दिवसांत रंगावर कायमचा डाग धरतो. ओघळ दिसताच गाडी तिथून हलवावी, डाग नखाने किंवा ब्लेडने खरवडू नये, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेले फडके त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवून तो मऊ होऊ द्यावा, गरज पडल्यास हेच दोन-तीनदा करावे, आणि भाग स्वच्छ धुऊन टिपून झाल्यावर तिथे लगेच वॅक्सचा एक पातळ हात फिरवावा, कारण डागाबरोबर त्या जागेवरचे वॅक्सही निघून गेलेले असते.